लेप प्रकाश गिळत नाही

लेन्सच्या काचेवर चमक कमी करण्यासाठी दिलेला पातळ लेप परावर्तित प्रकाश शोषून घेतो, असं वाटू शकतं. तिथे थोडी दुरुस्ती हवी. लेपाच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागावरून परतणाऱ्या प्रकाशाच्या दोन लाटा एकमेकींना रद्द करतात, आणि ती ऊर्जा काचेतून पार जाते. म्हणून तर लेप दिलेल्या काचेतून जास्त उजेड येतो. मला यातलं हेच सगळ्यात सुंदर वाटतं!

साध्या काचेची एक बाजू सुमारे ४ टक्के प्रकाश परत फेकते. मॅग्नेशियम फ्लोराइडचा जेमतेम १०० नॅनोमीटरचा थर दिला की ते प्रमाण सव्वा टक्क्याच्या आसपास येतं. ही जाडी हिरव्या प्रकाशाच्या, लेपातल्या तरंगलांबीच्या, पाव भागाइतकी. म्हणजे हिरव्याच्या परतणाऱ्या लाटा सगळ्यात जास्त रद्द होतात. लाल आणि निळा थोडा उरतो. कॅमेऱ्याची लेन्स पांढऱ्या दिव्याखाली धरून बघा, जांभळट झाक दिसेल. तिरपी करत गेलात की ती लालसर होते, कारण तिरक्या किरणांसाठी हिशेब बदलतो.

सौर पॅनेलमधलं सिलिकॉन तर लेपाशिवाय जवळपास एक तृतीयांश प्रकाश परत पाठवतं. सौर पॅनेलचा निळा रंग त्यावरच्या सिलिकॉन नायट्राइडच्या लेपाचा.

पतंगाच्या डोळ्यांवरच्या सूक्ष्म उंचवट्यांची युक्ती मात्र वेगळी. तिथे हवा आणि डोळा यांच्यात ठळक सीमाच उरत नाही, म्हणून प्रकाश फारसा परतत नाही.