मदत हवी आहे: वॉर्डातल्या टीचर आणि शाळेतल्या टीचर यांचा मेळ कसा घालू?

सायंतारा
थेट मुद्द्यावर येते, वेळ नाहीये. मुलगा ॲडमिट आहे. हॉस्पिटलमध्ये शिकवायला एक टीचर येतात, चांगल्या आहेत. शाळेतल्या क्लासटीचरही मनाने चांगल्या आहेत. पण दोघींचं एकमेकींशी अवाक्षर बोलणं नाही. शाळेकडून व्हॉट्सॲपवर वर्कशीटचा ढीग येऊन पडतो आणि इकडे वॉर्डातल्या टीचर भलताच धडा घेत असतात. आज अपूर्णांकांच्या बेरजेवरून कडेलोट झाला. एकीचं म्हणणं लसावि काढ, दुसरीचं तिरकस गुणाकार कर. पोराने वही भिरकावली. मधल्यामध्ये निरोप्याचं काम माझ्याकडे, आणि मला यातली एकही पद्धत धड आठवत नाही. उद्या राउंडनंतर टीचर भेटतील, त्याआधी काहीतरी सांगा. "धीर धरा" सोडून.

पाटीपेन्सिल
कितवीत आहे? आजार कोणता? अजून किती काळ राहावं लागणार? मध्ये घरी सोडतात का? शाळेला कळवलंय ते तोंडी की लेखी? यातलं काहीच लिहिलेलं नाही, मग सांगणार काय?

निवांत_काका
ताई, मी म्हणतो अभ्यास हवाच कशाला? एक वर्ष मागे राहिला तर काय आभाळ कोसळतंय? माझ्या पुतण्याचा पाय मोडला होता, वर्ष गेलं, आज उत्तम चाललंय त्याचं. सध्या फक्त विश्रांती.

सायंतारा
काका, वर्ष वाया जाईल का हे मी विचारलेलंच नाही. सहावीत आहे. आजाराबद्दल इथे लिहायची इच्छा नाही. बराच काळ चालणार आहे, मध्ये मध्ये घरी येतो. शाळेला अर्थातच माहीत आहे.

तिरकस
"बराच काळ", "मध्ये मध्ये", "अर्थातच माहीत आहे". पाटीपेन्सिल, मिळाले बघा सगळे तपशील.

गॅजेटगुरू
दोन टीचर हव्यात कशाला? नॉर्वेतल्या नो आयसोलेशन कंपनीचा एव्ही१ नावाचा छोटा रोबो आहे. तो वर्गात बाकावर बसतो, मूल पलंगावरून टॅबलेटवर वर्ग बघतं, ऐकतं, बोलतं. हात वर करायचा असला की रोबोच्या डोक्यावरचा दिवा चमकतो. आणि मुलाचा चेहरा वर्गाला दिसतच नाही, त्यामुळे केस गेलेत, सूज आलीये, असलं काही आड येत नाही. शाळेतलाच तास, शाळेतलीच पद्धत. प्रश्न मिटला. वॉर्डात वायफायचा स्पीड किती आहे?

तिरकस
ज्या बाई वर्कशीट पाठवून मोकळ्या होतात त्या रोज रोबो चार्ज करून बाकावर बसवणार. बरं.

पाटीपेन्सिल
"मोकळ्या होतात" म्हणजे काय? मी शाळेत गणित शिकवते. वर्गातलं एक मूल अचानक दिसेनासं होतं, आई फोनवर रडते, त्यापुढे काही विचारायचीही चोरी. मग आपण वर्कशीट पाठवतो, कारण तेवढंच आपल्या हातात असतं. हॉस्पिटलच्या बाईंचा नंबर मला आजवर कोणी दिलेला नाही. त्यांनी पाठ्यपुस्तकाबाहेरची पद्धत का काढली हे त्यांना विचारा.

वॉर्डातली_बाई
मी हॉस्पिटलमध्येच शिकवते, म्हणून दुसरी बाजू. सायंतारा, एकच प्रश्न: शाळेशी बोलायची लेखी परवानगी तुम्ही त्या टीचरना दिली आहे का? पालकांनी सांगितल्याशिवाय आम्हाला मुलाबद्दल बाहेर तोंड उघडता येत नाही. शाळेतून फोन आला तर "हो, तो इथे आहे" एवढंही मी सांगत नाही. मग शाळेला वाटतं या बाई शिष्ट आहेत, आम्हाला वाटतं शाळेला पडलेली नाही, आणि पालकांना वाटतं दोघीही कामचुकार. घोडं बहुतेक वेळा इथेच अडतं.

पाटीपेन्सिल, पद्धत "काढली" नाही हो. माझ्यासमोर एका वेळी वेगवेगळ्या इयत्तांची, वेगवेगळ्या बोर्डांची, वेगवेगळ्या माध्यमांची मुलं असतात, आणि शेजारी सलाइनचा पंप वाजत असतो. शाळेत कोणती पद्धत चालू आहे हे कोणी सांगितलं तर मी तीच घेईन.

सायंतारा
परवानगी? असा कागद मला कोणी दिलाच नाही. ॲडमिशनच्या वेळी ढीगभर सह्या घेतल्या, त्यात होता का देव जाणे.

वॉर्डातली_बाई
त्यात बहुधा नसतो, ते उपचारांचे कागद असतात. छापील नमुना नसेल तर साध्या कागदावर लिहून द्या: कोणी कोणाशी बोलायचं, कशाबद्दल बोलायचं आणि कशाबद्दल नाही. त्यातलं "कशाबद्दल नाही" विसरू नका. रिपोर्ट, पुढे काय होईल याचे अंदाज, घरातल्या अडचणी यांचं शाळेला काही काम नाही. त्यांना एवढंच कळायला हवं: एका बैठकीत किती वेळ लक्ष टिकतं, लिहिता येतं का, कोणते दिवस उपचारांचे म्हणून कोरे सोडायचे, आणि वर्गातल्या मुलांना काय सांगायचं. हे शेवटचं मुलालाच विचारा. सहावीतल्या मुलाचं त्यावर ठाम मत असतं.

आणि वही भिरकावली ती अपूर्णांकांमुळेच, हे कशावरून? आजार नका सांगू, पण हल्ली अक्षर बिघडलंय का? पेन धरायला त्रास होतो का?

नियमावली
इथे कोणी मूळ मुद्द्याला हातच घातलेला नाही. आजारी मुलाचं शिक्षण ही कोणाची मेहेरबानी नव्हे. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेचं कलम २८ शिक्षणाच्या हक्काचंच आहे. त्याआधी १९८८ मध्ये नेदरलँड्समधल्या लायडन इथे रुग्णालयातल्या मुलांची दहा कलमी सनद झाली, तिचं सातवं कलम खेळ आणि शिक्षण यांबद्दल आहे. युरोपात हॉस्पिटलमधल्या शिक्षकांची होप नावाची संघटना आहे, तिने २००० साली बार्सिलोनात स्वतंत्र सनद मंजूर केली. हॉस्पिटलमधले शिक्षक म्हणजे मुलाच्या मूळ शाळेशी असलेला दुवा, असं त्यात म्हटलं आहे. हे छापून शाळेला द्या.

तिरकस
म्हणजे क्लासटीचर तिसरी वर्कशीट पाठवायच्या आत घाबरून फोन करतील.

नियमावली
उपहास सोपा असतो.

रेवा_क
मी शाळेत असताना डायलिसिसवर होते. आठवड्यातून तीन वेळा, प्रत्येक वेळी चारेक तास, म्हणजे शाळेचे दिवस उरले किती ते बघा. दोन्हीकडच्या बाई जीव लावून शिकवायच्या आणि दोघींनाही वाटायचं की हा भाग दुसरीने घेतला असेल. भूमिती मी दोनदा शिकले, टक्केवारी एकदाही नाही. अजूनही सवलतीचा हिशोब करायचा झाला की मोबाइल काढते. त्यामुळे सायंतारा, पद्धत कोणाची यावर भांडण्यापेक्षा काय शिकवून झालं याची एकच यादी दोघींसमोर असू द्या. आणि कृपया ती यादी तुम्ही लिहू नका. माझी आई लिहायची, मग आईशी माझं फक्त अभ्यासाचंच बोलणं होऊ लागलं.

सायंतारा
लपवून उपयोग नाही, तसंही सगळ्यांनी ओळखलं असेल. ल्युकेमिया आहे, म्हणजे रक्ताचा कॅन्सर, त्यातला एएलएल नावाचा प्रकार. पहिला टप्पा झाला. हो, अक्षर खूप बिघडलंय. शर्टाची बटणंही मीच लावते. मला वाटलं अशक्तपणा. त्याचा आणि गणिताचा काय संबंध?

वॉर्डातली_बाई
बराच असू शकतो. या उपचारांत व्हिन्क्रिस्टिन नावाचं औषध देतात, त्याने हातापायांच्या नसांवर परिणाम होऊन बोटांतली ताकद आणि संवेदना कमी होऊ शकते. ते तेच आहे का हे डॉक्टरच सांगतील, पण बटणांचं त्यांना उद्या नक्की सांगा. सोबत स्टिरॉइड चालू असेल तर चिडचिड वेगळी. तिरकस गुणाकारात छेद मोठे होतात, म्हणजे आकडेमोड जास्त, लिहिणं जास्त. लसाविच्या पद्धतीत तेवढं लिहावं लागत नाही, पण मधल्या पायऱ्या डोक्यात धरून ठेवाव्या लागतात, आणि दमलेल्या मुलाला नेमकं तेच जड जातं. त्याला तोंडी सोडवू द्या, लिहायचं काम दुसऱ्याने करावं. शाळेला "ल्युकेमिया" एवढंच माहीत असून भागत नाही. त्याला दहाऐवजी तीन गणितं द्यायची, आणि तीही तोंडी, हे त्यांना माहीत हवं.

एएलएलचे उपचार साधारण दोन ते तीन वर्षं चालतात, पण शेवटच्या लांबच्या टप्प्यात बरीच मुलं शाळेत जातात. म्हणून ही दोघींची ओळख आत्ताच व्हायला हवी.

पाटीपेन्सिल
तीन गणितं तोंडी, हे मला कोणी सांगितलं असतं तर मी आनंदाने दिली असती. पण एक स्पष्ट करा. अभ्यासक्रम कोणी ठरवायचा? परीक्षा शाळा घेते, निकालपत्रावर सही आमची. हॉस्पिटलने परस्पर धडे गाळले तर उत्तर आम्ही द्यायचं का?

वॉर्डातली_बाई
मूल तुमच्या पटावर आहे, त्यामुळे काय शिकवायचं ते तुम्ही ठरवा. किती, केव्हा आणि कशा रीतीने, ते मी ठरवणार, कारण सकाळी त्याला ताप होता हे मला दिसतं. एवढं ठरलं की भांडायला फारसं उरत नाही.

पाटीपेन्सिल
उरतं. "किती" हे तुम्ही ठरवलंत की "काय" आपोआप ठरतं. सहावीत अपूर्णांक कच्चे राहिले तर सातवीत बीजगणित चालत नाही. गाळायचं काय याची निवड विषयशिक्षकानेच करायला हवी.

वॉर्डातली_बाई
हे मान्य. मग "हे तीन धडे सोडता येणार नाहीत, बाकीचे सोडा" असं शाळेने लिहून द्यावं. असा कागद मला आजवर फार थोड्या शाळांनी दिलाय. वर्कशीट मात्र भरपूर.

सिस्टर_नाइट_ड्यूटी
अभ्यासाचं चालू द्या. शाळेत कांजिण्या किंवा गोवर निघाला तर क्लासटीचर तुम्हाला त्याच दिवशी कळवतात का? या उपचारांत कांजिण्या जिवावर बेतू शकतात. शाळेशी ठरवायच्या गोष्टींत ही सगळ्यात वर ठेवा.

निवांत_काका
आमच्या वेळी कांजिण्या सगळ्यांनाच यायच्या, काही होत नाही.

सिस्टर_नाइट_ड्यूटी
काका, त्याच्या पांढऱ्या पेशी तुमच्यासारख्या नाहीत. कृपया हे इथे लिहू नका, कोणीतरी खरं मानेल.

सायंतारा
थांबा. धाकटी त्याच शाळेत दुसरीत आहे. तिच्या वर्गाच्या ग्रुपवर कोणाला तरी पुरळ आल्याचं वाचल्यासारखं वाटतंय. तो या शनिवार-रविवारी घरी होता.

सिस्टर_नाइट_ड्यूटी
सकाळची वाट बघू नका, आत्ता वॉर्डला फोन करा. धाकटीला कांजिण्या होऊन गेल्या आहेत का, लस झाली आहे का, ते विचारतील. मुलाचा संपर्क आला असेल तर द्यायची औषधं असतात, पण ती लवकर द्यावी लागतात. ठरवू दे त्यांना.

गॅजेटगुरू
रोबोला कांजिण्या होत नाहीत, एवढंच नोंदवतो.

तिरकस
पहिल्यांदाच पटलं.

सायंतारा
काल रात्रीच फोन केला. ग्रुपवरचं पुरळ कांजिण्यांचं नव्हतं, त्या मुलीच्या आईशी बोलून खात्री केली. धाकटीची लस झालेली आहे. तरी डॉक्टरांनी नोंद करून घेतली, कळवलंत ते बरं केलं म्हणाले. बटणांबद्दलही सांगितलं, ते आज तपासणार आहेत.

टीचरना परवानगीचा कागद दिला. त्या म्हणाल्या, शाळेने एकदा फोन केला होता पण मला काही सांगता आलं नाही. क्लासटीचरना मी हॉस्पिटलमधूनच फोन लावला आणि मोबाइल दोघींमध्ये ठेवून बाहेर गेले. आता एक यादी आहे, ती वॉर्डातल्या टीचर भरतात आणि शाळेला पाठवतात, मी त्यात नाही. कांजिण्या आणि गोवर यांची सूचना शाळेच्या ऑफिसमधून थेट मला येणार. वर्गाला काय सांगायचं ते त्याने स्वतः सांगितलं: आजार संसर्गाचा नाही हे सांगा, केसांबद्दल काही बोलू नका.

पद्धतीचं अजून ठरलेलं नाही. दोघी आपापल्या मतावर ठाम आहेत, पण निदान एकमेकींशी भांडतायत.

पाटीपेन्सिल
लसावि. लिहून ठेवा.

रेवा_क
टक्केवारी यादीत आहे ना, तेवढं बघा.

सायंतारा
आहे, वरून चौथी. आता सहामाहीला लेखनिक मिळेल का, तो कोणत्या इयत्तेतला चालतो, आणि अर्ज कोणी करायचा? शाळा म्हणते हॉस्पिटलचं पत्र आणा, हॉस्पिटल म्हणतं शाळेचा नमुना आणा. नवा धागा काढते. यावेळी इयत्ता आणि आजार पहिल्याच ओळीत लिहीन, तिरकस यांना कामच उरणार नाही.