मदत हवी आहे: टीसीएफ कॅनडा या फ्रेंच भाषा परीक्षेचा ऐकण्याचा भाग

नमस्कार मंडळी. एक्स्प्रेस एंट्रीच्या (कॅनडात स्थायिक होण्यासाठीची अर्ज पद्धत) फ्रेंच गटासाठी चारही कौशल्यांत एनसीएलसी (कॅनडाची फ्रेंच भाषेची पातळी) ७ लागते. वाचन जमते, अडते ते ऐकण्यात: ३५ मिनिटांत ३९ प्रश्न, ध्वनिफीत एकदाच, आणि हवेत ६९९ पैकी किमान ४५८ गुण.

दोन अडचणी आहेत. फ्रेंचमध्ये 'दस्यू' म्हणजे वर, 'दसू' म्हणजे खाली. 'दस्यू'मधला, 'ई' आणि 'ऊ' यांच्या मधला स्वर मराठीत नाहीच, त्यामुळे कान दोन्ही एकच धरतो. शिवाय बोलताना 'जं न से पा'चे (मला माहीत नाही) थेट 'शेपा' होते, शब्दांच्या सीमाच पुसतात. रोज १ मिनिटाचे श्रुतलेखन करून मूळ मजकुराशी ताडणे चालू आहे.

हा स्वर कानाला वेगळा कळायला कोणता सराव उपयोगी पडला? आणि शेवटचे अवघड प्रश्न सोडून आधीचे पक्के करावेत का?