टेन्युअर मिळवून ते नाकारणं, याला यश म्हणायचं का?

मुक्ता
2021 सालची गोष्ट. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या चॅपल हिल आवारात कृष्णवर्णीय पत्रकार निकोल हॅना-जोन्स यांना पत्रकारितेचं नाइट अध्यासन, म्हणजे नाइट फाउंडेशनच्या नावाचं प्राध्यापकपद, देऊ केलं गेलं. बाई तिथल्याच माजी विद्यार्थिनी. 2017 ची मानाची मॅकआर्थर फेलोशिप आणि 2020 चं पुलित्झर, पत्रकारितेतलं मोठं पारितोषिक, गाठीशी. या अध्यासनावर आधी आलेल्यांना रुजू होतानाच टेन्युअर, म्हणजे कायम नेमणूक, मिळालेली. बाईंसाठीही प्राध्यापकांची शिफारस होती, तरी विश्वस्त मंडळाने निर्णय लांबवला आणि त्यांच्यापुढे पाच वर्षांचा करार ठेवला. पत्रकारिता विभागाला ज्याचं नाव दिलंय, त्या देणगीदारानेच या नेमणुकीबद्दल नाराजी कळवली होती, हेही बाहेर आलं. मग निदर्शनं झाली आणि 30 जूनला 9 विरुद्ध 4 मतांनी टेन्युअर मंजूर झालं. सहा दिवसांनी बाईंनी जाहीर केलं, मी येत नाही. त्या वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात गेल्या, 1867 पासून कृष्णवर्णीयांना शिकवत आलेल्या.

आफ्रिकन-अमेरिकन घरांत मुलांना पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेत, दुप्पट राबशील तेव्हा अर्धं पदरात पडेल. या बाईंनी दुप्पट करून दाखवलं, तरी त्यांना दारात ताटकळत ठेवलं. अशा वेळी कुठे काम करायचं हे स्वतः ठरवणं, हेच मला त्यांच्या कारकिर्दीतलं सगळ्यात मोठं यश वाटतं, पुलित्झरपेक्षाही मोठं.

रॅलेकर
अजिबात पटलं नाही. मी चॅपल हिलपासून अर्ध्या तासावर राहतो. टेन्युअरसाठी त्या विद्यार्थ्यांनी घसा कोरडा केला होता, त्यांच्या हातात काय पडलं? ज्या चौघांनी विरोधात मत दिलं त्यांना हवं तेच आयतं मिळालं. अर्सुला बर्न्स बघा. 1980 मध्ये झेरॉक्समध्ये इंटर्न म्हणून लागल्या, 2009 मध्ये सीईओ झाल्या. फॉर्च्यून 500 मधली, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वात मोठ्या 500 कंपन्यांच्या यादीतली, कंपनी चालवणारी पहिली कृष्णवर्णीय बाई. तीस वर्षं पाय रोवून उभ्या राहिल्या म्हणून झालं ना? आपल्या अटींवर यश वगैरे ऐकायला छान आहे, पण ज्या खोलीत निर्णय होतात तिथे बसायला कुणी उरलंच नाही तर पुढचीचं काय?

प्रा_शुभांगी
रॅलेकर, बर्न्सबाईंचं उदाहरण तुमच्याच विरोधात जातं. त्यांनी 2016 मध्ये पद सोडलं. त्यानंतर त्या यादीतल्या कंपनीत पुढची कायमस्वरूपी कृष्णवर्णीय महिला सीईओ आली ती थेट 2021 मध्ये, वॉलग्रीन्स या औषध दुकानांच्या साखळीत. मधली पाच वर्षं ती खोली बंदच होती. एक बाई आत बसली म्हणून मागचं दार उघडं राहत नाही.

आता "तिथेच राहून लढा" म्हणण्याबद्दल. मी मराठवाड्यातल्या एका कॉलेजात राखीव जागेवर लागले. जात आणि वंश एक नाहीत, आमची लढाई त्यांच्या लढाईला चिकटवायची नाही मला. पण हे दुखणं ओळखीचं आहे. कॉलेजांना दर्जा देणाऱ्या नॅकची टीम येणार असली की समान संधी कक्षाच्या फायलीत माझं नाव, तक्रार निवारण समितीत माझं नाव, स्वागताच्या फोटोत पहिल्या रांगेत मी. विभागप्रमुख नेमायची वेळ आली की सेवाज्येष्ठता असूनही माझं नाव कुणाला आठवत नाही. संस्थेचं तोंड उजळ करण्याचं हे काम पगारात धरलेलं नसतं. हॅना-जोन्स यांनी निवेदनात हेच स्पष्ट सांगितलं होतं: विद्यापीठाची जखम भरून काढणं हे माझं काम नाही, ज्यांनी ही वेळ आणली त्यांचं आहे. ते वाक्य वाचून मला रडू आलं होतं.

हिशेबी
सगळं मान्य, पण पैशाबद्दल कुणीच बोलत नाहीये. गोऱ्या पुरुषाच्या एका डॉलरमागे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय बाईला ढोबळमानाने दोन-तृतीयांश मिळतात. वर शिक्षणाचं कर्ज, त्याचं ओझंही सरासरीने याच बायकांवर सर्वात जास्त. हॅना-जोन्स हॉवर्डला गेल्या तेव्हा नाइट, मॅकआर्थर, फोर्ड वगैरे फाउंडेशनांचे मिळून सुमारे दोन कोटी डॉलर तिथल्या कामासाठी उभे राहिले. त्यांच्या नकाराची राष्ट्रीय बातमी झाली. वृद्धाश्रमात रात्रपाळी करणाऱ्या बाईने नकार दिला तर पुढच्या महिन्याचं घरभाडं थकतं. तिने यशाची व्याख्या कुठे बदलायची?

मुक्ता
हिशेबी, म्हणूनच तर ज्यांना परवडतं त्यांनी नकार द्यायलाच हवा. त्याच सुमारास मेरीलंडच्या एका कृष्णवर्णीय रसायनशास्त्रज्ञ बाईंनी या प्रकरणाचं कारण देऊन चॅपल हिलची आपली उमेदवारी मागे घेतली. हॅना-जोन्स यांच्याशी असं वागता, तर माझ्याशी कसं वागाल, असा साधा विचार. चांगली माणसं हातची जातात हे दिसल्याशिवाय कुठलंही मंडळ हलत नाही.

रॅलेकर
मंडळ हललं ते विद्यार्थ्यांमुळे, नकाराच्या आधीच. हे विसरू नका. बाईंनी कुठे जावं हे सांगणारा मी कोण! पण त्याला सगळ्यांचा विजय म्हणू नका, एवढंच. चॅपल हिलमध्ये शिकणाऱ्या कृष्णवर्णीय मुलीला ती प्राध्यापिका मिळाली नाही.

प्रा_शुभांगी
हॉवर्डमधल्या मुलीला मिळाली की. ती मुलगी मोजायचीच नाही का? मोठं विद्यापीठ म्हणजे गोऱ्यांचं विद्यापीठ, हे गृहीत धरूनच तुम्ही फक्त चॅपल हिलची रिकामी खुर्ची बघताय.

हिशेबी
शुभांगीताई, हा मुद्दा बिनतोड आहे. तरी हॉवर्डची दुसरी बाजूही इथे नोंदवतो. बाई रुजू झाल्या त्याच 2021 च्या हिवाळ्याच्या तोंडावर तिथल्या विद्यार्थ्यांनी वसतिगृहांतल्या बुरशीविरुद्ध आवारातल्या इमारतीत ठिय्या दिला, काही आठवडे. मार्च 2022 मध्ये टेन्युअर नसलेले आणि तासिका तत्त्वावरचे शिक्षक संपावर जायला निघाले होते, ऐनवेळी करार झाला. त्यांच्यातही कृष्णवर्णीय बायका होत्याच. त्या सोडून गेल्या नाहीत, युनियन करून पगार वाढवून घेतला. या धाग्यावर त्यांच्याबद्दलही कुणीतरी लिहा.