‘फिनिशिंग स्टोन’ला मराठीत काय म्हणायचं? (वस्तऱ्याचा दगड)

पाणवठा:
मित्राला जुने वस्तरे दुरुस्त करायचा नाद आहे. त्याच्यासाठी धार लावायच्या एका बेल्जियन दगडाच्या माहितीपत्रकाचा अनुवाद करतोय आणि पहिल्याच ओळीत अडकलो. ‘नॅचरल फिनिशिंग स्टोन’. ‘नैसर्गिक अंतिम दगड’ लिहिलं, तर बायको म्हणाली, हा स्मशानातला वाटतो. धार आधी खरबरीत दगडावर काढून झाली की शेवटचा हात ज्या गुळगुळीत दगडावर फिरवतात तो हा. एक शब्द हवा. ‘स्लरी’लाही सुचवा, म्हणजे दगडावर पाणी घालून घासलं की निघतं ते दुधाळ पाणी.

अनुस्वार:
‘नैसर्गिक’ आधी काढा. दगड म्हटला की तो नैसर्गिकच. कारखान्यात झाला असेल तर तसं सांगावं. मूळ शब्द निसणा. संस्कृत ‘निशान’ म्हणजे धार लावणे, त्यावरून. विषय संपला.

कोपरखळी:
संपला कसा? निसण्यावर कोयताही घासतात. शेवटचा हात कुठे आला त्यात?

गावकूस:
आमचं घर नाभिकाचं, म्हणून बोलतो. आजोबांच्या धोकटीत वस्तरा, कातर, नराणी, चिमटा, आरसा, वाटी आणि फडक्यात गुंडाळलेला एक दगड असायचा. त्याला घरात ‘दगड’च म्हणायचे, दुसरं नाव कधी ऐकलं नाही. मग चामोटीवर, म्हणजे वस्तरा परजायच्या चामड्यावर, चार हात आणि सगळ्यात शेवटी तळहातावर. म्हणजे फिनिशिंग स्टोन हाताचा तळवा! सेना महाराजांच्या अभंगात आरसा आहे, चिमटा आहे, पण दगड तिथंही नाही.

चहाची_टपरी:
चामोटी नाही हो, पट्टा. मुंबईत सलूनमध्ये पट्टाच म्हणायचे आणि दगडाला सिल्ली. आता अर्धं ब्लेड अडकवून काम होतं, सगळेच शब्द गेले.

अनुस्वार:
सिल्ली हिंदी आहे.

चहाची_टपरी:
आणि वस्तरा कुठला? फारसी उस्तुरा. क्षुर म्हणायचा का आता न्हाव्याला?

अनुस्वार:
क्षुरावरून आलेली सुरी आपण रोज वापरतो. हसण्यासारखं काय आहे?

वेलांटी:
‘जिल्हईचा दगड’ कसा वाटतो? शेवटचा दगड धार काढत नाही, आधीच्या दगडाचे ओरखडे पुसून जिल्हई, म्हणजे चकाकी, आणतो. शिकलगार हत्यारांना करायचे तेच काम. (हो, जिल्हईसुद्धा अरबी आहे, अनुस्वारकाका, माहीत आहे.) सोनाराचा ‘ओप’ही चालेल.

पाणवठा:
जिल्हई आवडला, पण मित्राने विचारलं की हे कुठल्या जिल्ह्यातलं.

लीजकर:
बेल्जियममध्ये राहतो म्हणून डोकावलो. पत्रकातला हा दगड इथल्या आर्देन डोंगरातला, व्हिएलसाम आणि लिएर्न्यूच्या आसपासचा. साल्मशातोला त्याचं संग्रहालयही आहे. नाव कोटिक्यूल. फिकट पिवळ्या थरात गार्नेटचे अतिबारीक कण असतात आणि तेच पोलाद घासतात. पिवळा थर पातळ नि ठिसूळ, म्हणून खाली निळसर पाटीचा दगड जोडलेला असतो, कधी निसर्गतःच, कधी चिकटवलेला. आता गंमत. कोटिक्यूल लॅटिन ‘कोस’वरून, म्हणजे धार लावायचा दगड. हा ‘कोस’ आणि संस्कृत ‘शाण’ एकाच मूळ धातूचे मानतात. आणि शाणवरून आपली सहाण!

वेलांटी:
मग उत्तर मिळालंच की. सहाण! स्लरीचाही प्रश्न सुटला. छोटा दगड पाण्यासोबत मोठ्या दगडावर फिरवून दुधाळ पाणी काढतात, म्हणजे चक्क उगाळतात. स्लरी म्हणजे उटी. नंतर थेंबाथेंबाने पाणी वाढवत ती पातळ करायची, म्हणजे घासणं सौम्य होत जातं.

अनुस्वार:
सहाणेवर चंदन झिजतं, सहाण नाही. इथे उटी दगडाची आहे. धातू एक असला म्हणून अर्थ एक होत नाही.

कोपरखळी:
शाणवर घासून निघालेला तो शहाणा, असं आमचे मास्तर सांगायचे.

अनुस्वार:
शहाणा ‘सज्ञान’वरून. मास्तरांना नमस्कार.

लीजकर:
त्याच लॅटिन घराण्यात ‘काटुस’ आहे, अर्थ चतुर. मास्तर चुकले, पण लॅटिनमध्ये बरोबर ठरले असते.

बाराखडी:
सगळे सुश्रुताला विसरलात? शस्त्रांना धार लावायला ‘श्लक्ष्णशिला माषवर्णा’ सांगितली आहे (श्लक्ष्ण म्हणजे गुळगुळीत), आणि धार टिकवायला शाल्मलीफलक, म्हणजे सावरीच्या लाकडाची फळी. केस कापला गेला तर शस्त्र नीट पाजवलेलं, ही परीक्षाही तिथेच आहे. वस्तरेवाले लोंबता केस धारेवर टेकवून आजही हेच बघतात. शब्द घ्या, श्लक्ष्णशिला.

चहाची_टपरी:
उच्चारताना जीभ कापली.

कोपरखळी:
माषवर्णा म्हणजे उडदासारखी काळी. बेल्जियमचा पिवळा दगड नापास.

गावकूस:
उडीद सालीचा काळा, सोललेला पांढराच की! पिवळा थर वर, काळपट खाली, म्हणजे सालीसकट डाळ. पास.

बाराखडी:
सुश्रुतावरची संस्कृत टीका वाचल्याशिवाय डाळ शिजवू नका.

नवाखडा:
शब्द राहू द्या, दगड कुठला घेऊ? वडिलांचा जुना वस्तरा आहे, धार पार गेली आहे.

लीजकर:
मग आधी हा दगड घेऊच नका. बोथट पात्याला १००० नंबरचा जपानी कृत्रिम दगड (नंबर जितका मोठा तितका दगड बारीक), नंतर आणखी बारीक, आणि शेवटी हा. नैसर्गिक दगडाला खरा नंबर नसतो, एकाच खाणीतले दोन तुकडे वेगळे निघतात. म्हणून वस्तऱ्यावर तपासून दिलेला तुकडा घ्या, छापील आकड्यावर जाऊ नका. जर्मनीच्या थुरिंगियाचे दगड उत्तम, पण आता जुनेच मिळतात. क्योतोजवळच्या नाकायामा खाणीचे म्हणून जे विकतात त्यावर डोळे झाकून विश्वास नको. अमेरिकेतला आर्कान्साचा दगड कडक असतो, चिकाटी हवी.

वेलांटी:
आर्कान्साच्या दगडाचं शास्त्रीय नाव नोव्हाक्युलाइट, लॅटिन ‘नोव्हाक्युला’ म्हणजे वस्तरा. घासायला वापरतात त्या कठीण खनिजाचं इंग्रजी नाव कोरंडम, तेही आपल्या दक्षिणेतल्या कुरुंदावरून. सगळं जग दगडांना असंच नाव देत आलंय, आणि आपण इथे...

अनुस्वार:
...निसणा विसरतोय.

पाणवठा:
मंडळी, आभार. मित्राने तूर्त ‘फिनिशिंग स्टोन’च ठेवायला सांगितलंय. ‘उटी’ मात्र पाठवली. तो म्हणतो, वाचून दाढी करण्याऐवजी कपाळाला लावावीशी वाटते.

गावकूस:
चामोटीचं काय ठरलं? आमच्या सासरवाडीला चिमोटी म्हणतात.

चहाची_टपरी:
पट्टा.