रेबीज थांबवायचा तर आधी कुत्र्यांना लस, आणि गोव्याच्या हद्दीपलीकडेही

साखळीची सिस्टर

हल्ली ग्रामसभेतसुद्धा हा प्रश्न येतो: गोव्यात आता रेबीजने कोणी दगावत नाही, मग दरवर्षी कुत्र्यांना लस टोचायचा खटाटोप कशाला? माझं मत नेमकं उलट आहे. हे काम चालूच ठेवावं, शेजारच्या दोडामार्ग, सावंतवाडी, खानापूर, कारवारपर्यंत न्यावं. आणि गरीब देशांच्या आरोग्यासाठी जगभरातून जो निधी गोळा होतो, त्यातला रेबीजचा वाटा आधी कुत्र्यांच्या लसीवर खर्च व्हावा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात दरवर्षी सुमारे ५९,००० माणसं रेबीजने मरतात. बहुतेक सगळी आशिया आणि आफ्रिकेतली. दहातली चार तर पंधरा वर्षांखालची मुलं. माणसाला हा रोग ९९ टक्के वेळा कुत्र्याकडूनच येतो. लक्षणं दिसली की डॉक्टरच्या हातात काही उरत नाही. पण चावल्याबरोबर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुतली, लस वेळेवर घेतली आणि खोल जखमेत सीरम (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) दिलं तर माणूस वाचतो. पाश्चरने पहिल्या मुलाला लस टोचली ती १८८५ मध्ये! तरीही आज मरतो कोण? ज्याच्या गावच्या दवाखान्यात सीरम नाही आणि शहरापर्यंत जायला खिशात गाडीभाडं नाही, तो.

नर्सच्या नोकरीच्या काळात जखमेत चुना, हळद, तिखट भरून आणलेली मुलं मी पाहिली आहेत. ती जखम धुऊन काढतानाच पोर अर्धमेलं होतं. एवढं करून लसीच्या पुढच्या खेपा चुकवणारे पालक असतातच, कारण एक खेप म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडाली.

आता गोव्याने काय केलं ते बघा. राज्य सरकार आणि 'मिशन रेबीज' ही स्वयंसेवी संस्था यांनी मिळून गावोगाव कुत्री टोचली, पुढे पुढे वर्षाला लाखाच्या घरात. आमच्या वाड्यावर पथक येतं ते ऊन चढायच्या आत. पाळलेला कुत्रा घरचं माणूस धरतं, भटक्याला मोठ्या जाळीत घेतात. टोचलं की डोक्यावर रंगाची खूण करतात आणि मोबाइलवर जागेची नोंद. नंतर कोणी तरी दुचाकीवरून वाड्यात फिरून रंग असलेली किती आणि नसलेली किती ते मोजतं. दहातली सात झाली नसतील तर पथक परत येतं. या 'सात'वर सगळं अवलंबून आहे, कारण तेवढी टोचली गेली की रोग पसरायला वाट उरत नाही. 'नेचर कम्युनिकेशन्स' या विज्ञान नियतकालिकात २०२२ साली आलेल्या अभ्यासानुसार गोव्यातल्या कुत्र्यांमधला रेबीज ९२ टक्क्यांनी घटला. तीन वर्षांत माणसाला रेबीज झाल्याची एकही नोंद नाही, असं मुख्यमंत्री प्रमोद सावंत यांनी जून २०२१ मध्ये जाहीर केलं होतं. हे टिकवायचं की घालवायचं?

म्हापसेकर

सिस्टर, तुमची तळमळ कळते. पण तुम्ही रेबीजचं बोलता, आम्ही चावे भोगतो. पहाटे पोदेर (पाववाला) सायकल घेऊन निघाला की सहा-सात कुत्री त्याच्या मागे लागतात. माझी आई देवळातून परत येताना कुत्रं अंगावर आलं म्हणून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. रेबीजचा संबंधच नव्हता, पण ती आजही काठीशिवाय उठत नाही. टोचलेलं कुत्रं चावायचं थांबत नाही. आणि तुमची पद्धत काय, तर टोचा आणि तिथेच सोडा. सर्वोच्च न्यायालयानेसुद्धा नोव्हेंबर २०२५ मध्ये शाळा, इस्पितळं, बसस्थानकं यांच्या आवारातून कुत्री हलवा आणि परत तिथे सोडू नका, असं सांगितलं. आधी रस्ते मोकळे करा.

दुसरं, गोव्याचा कर गोव्यात खर्च झाला पाहिजे. खानापूरची कुत्री कर्नाटकाने बघावीत. आफ्रिकेची तर गोष्टच सोडा.

तिळारीकाठ

म्हापसेकरबाब, मी दोडामार्गातला. आमच्याकडची मुलं रोज सकाळी डिचोली-म्हापशाला कामाला येतात, बाजार तिकडचाच, आणि दुखणं मोठं असलं की बांबोळीचं सरकारी इस्पितळ. नातीगोती दोन्हीकडे, कुत्र्याची पिल्लंसुद्धा पिशवीत घालून इकडून तिकडे जातात. मग रेबीज तेवढा तपासनाक्यावर थांबेल का?

गेल्या पावसात शेजारच्या मुलीच्या गालाला कुत्र्याने फाडलं. जवळच्या दवाखान्यात लस होती, सीरम नव्हतं. तोंडाला चावलेलं असताना सीरम लागतंच. तिचा बाप रात्रभर कुठे मिळेल ते फोनवर विचारत बसला. मिळालं, मुलगी बरी आहे. पण ती रात्र ज्याच्या घरात गेली त्याला 'ज्याची कुत्री त्याने बघावी' हे ऐकवत नाही.

आकडेमोड

मी सिस्टरांच्या विरोधात आहे, पण म्हापसेकरांच्या कारणासाठी नाही. गरीब देशांना मदत केलीच पाहिजे. प्रश्न आहे तो आधी कुणाला.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांनुसार २०२३ मध्ये मलेरियाने सुमारे ५,९७,००० माणसं गेली, त्यात सर्वाधिक आफ्रिकेतली पाच वर्षांखालची मुलं. क्षयाने त्याच वर्षी साडेबारा लाख. रेबीजचे ५९,००० यापुढे ठेवा. त्यातही भारतात वर्षाला वीस हजार बळी हे आपण वर्षानुवर्षं ऐकत आलो, पण आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या अलीकडच्या पाहणीत अंदाज ५,७०० च्या आसपास आला. आणि निधी आटत चाललाय. अमेरिकेने २०२५ मध्ये यूएसएड ही आपली परदेशी मदतीची संस्था बंदच करून टाकली. हाती थोडेच पैसे असताना ते मच्छरदाणी, गोवराची लस आणि ओआरएसच्या पुड्यांवर जावेत. एका पुडीने जुलाबाने सुकलेलं मूल वाचतं, त्यासाठी जाळी घेऊन धावावं लागत नाही.

गोव्याचा दाखलाच द्यायचा तर मलेरियाचा द्या. ऐंशीच्या दशकात पणजीत साथ उसळली, बांधकामं वाढली तशी ती पसरली. स्लॅबवर साठवलेलं पाणी, उघड्या टाक्या, विहिरी, हीच डासांची पैदास. मग कायद्याने बांधकामावरच्या मजुरांची रक्ततपासणी आणि आरोग्य कार्ड सक्तीचं केलं, टाक्या-विहिरींत डासांच्या अळ्या खाणारे मासे सोडले. बाहेरून आलेल्या गरीब मजुराची तपासणी केली म्हणून गोवेकर वाचला. गरीब देशांना हा धडा जास्त उपयोगी आहे.

साखळीची सिस्टर

मलेरियाचा एक रुपयाही काढून घ्या असं मी म्हटलेलं नाही. मी रेबीजच्या वाट्याबद्दल बोलतेय. 'गावी' या लसनिधीने २०२४ पासून गरीब देशांना माणसांची रेबीज लस द्यायला सुरुवात केली. चांगलंच झालं, ती हवीच. पण नुसती तीच दिली तर खर्चाला अंत नाही. कुत्र्यांमध्ये रोग तसाच राहतो, प्रत्येक चाव्याला लस, खोल जखमेला सीरम, चार-चार खेपा, आणि दरवर्षी हे पुन्हा. कुत्र्याला वर्षातून एक टोचणी पुरते. लॅटिन अमेरिकेने ऐंशीच्या दशकापासून हेच केलं आणि २०१९ मध्ये कुत्र्यांमुळे माणसाला होणाऱ्या रेबीजमधून मेक्सिको मुक्त झाल्याचं जागतिक आरोग्य संघटनेनेच मान्य केलं. तो काही श्रीमंत देश नव्हे.

आणि आकड्यांबद्दल एक. रेबीजचा रोगी बरा होणार नाही म्हणून घरी पाठवतात. तो घरी मरतो आणि कागदावर येतच नाही. आयसीएमआरने घरोघर जाऊन विचारलं, तेव्हा कुठे काही हाती लागलं. आफ्रिकेतल्या खेड्यांत कोण विचारायला गेलंय?

गुरांचा डॉक्टर

बत्तीस शिराळ्यापासून बार्देशपर्यंत नोकरी झाली माझी, त्यामुळे दोन शब्द.

म्हापसेकर, कुत्री मारून किंवा उचलून रोग थांबवण्याचा प्रयोग इंडोनेशियातल्या बाली बेटावर झाला. तिथे २००८ मध्ये रेबीज शिरला, सरकारने आधी कुत्री मारायला घेतली. साथ पसरतच गेली. टोचलेलीही मारली गेली, लोकांनी आपापली कुत्री लपवून दुसऱ्या गावात नेली, त्यांच्याबरोबर रोगही गेला. मोठ्या प्रमाणावर लस टोचायला लागल्यावरच बळी कमी झाले. तुमच्या आईचं दुखणं खरं आहे आणि त्याचं उत्तर लस देत नाही. त्याला नसबंदी हवी, आणि हॉटेलं नि चिकनच्या दुकानांमागे पडणारं खरकटं उचललं गेलं पाहिजे. कळप तिथेच जमतात.

पण सिस्टर, तुमच्याशीही माझा वाद आहे. रस्त्यावरचं कुत्रं फार वर्षं जगत नाही. दोन-तीन वर्षं मोहीम थांबली की नवी, न टोचलेली पिल्लं मोठी होऊन तुमचे 'दहातले सात' चारवर येतात. हे काम संस्थेच्या देणग्यांवर किती चालवायचं? देणगी आटली की पथक घरी. आफ्रिकेला शिकवण्याआधी पशुसंवर्धन खात्यात या कामाची कायम पदं भरून घ्या.

म्हापसेकर

डॉक्टर, खरकट्याचं पटलं. सीमेवरच्या तालुक्यांचंही पटतंय, तिळारीकाठांनी लिहिलेलं वाचून झोप उडाली. पण लस आणि नसबंदी एकाच वेळी होत नसेल तर माझा पाठिंबा नाही. आणि परदेशाला गोव्याच्या तिजोरीतून दमडीसुद्धा नाही.

साखळीची सिस्टर

तिजोरीतून मागतेय कोण? इथलीच पद्धत आफ्रिकेतल्या मलावी देशाच्या ब्लँटायर शहरात २०१५ पासून चालू आहे. जाळी कशी टाकायची, वाडा कसा मोजायचा हे ज्यांच्या हातात बसलंय अशी मुलं आपल्याकडे आहेत. त्यांना पुढे शिकवायला मोकळं ठेवा. कायम पदांबद्दल डॉक्टरांशी मी पूर्ण सहमत, आणि पैसे कुठून यायचे तर ते राज्याच्या अंदाजपत्रकातूनच.

आकडेमोड

एक मूल वाचवायला कुत्र्यांच्या लसीतून किती खर्च येतो आणि मच्छरदाणीतून किती, हे एकाच देशाचं शेजारी शेजारी मांडून दाखवा. तोवर मी मच्छरदाणीच्या बाजूने.

तिळारीकाठ

पुढच्या ग्रामसभेत मी ठराव मांडतोय. अर्ज आरोग्य खात्याला करायचा की पशुसंवर्धनला? आमच्याकडे दोन्ही कचेऱ्या एकमेकांकडे बोट दाखवतात.

गुरांचा डॉक्टर

दोन्हींना, आणि एकाच कागदावर. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे भटक्यांच्या नसबंदी-लसीकरणाची जबाबदारी स्थानिक संस्थेची आहे, तेव्हा स्वतःच्या पंचायतीचं नावही घाला. जवळच्या दवाखान्यात सीरमचा साठा कायम असावा, ही वेगळी मागणी लिहा. जाण्याआधी वाडीवार कुत्री मोजून घ्या, पाळीव वेगळी, भटकी वेगळी. आकडा हातात नसेल तर पहिल्याच टेबलावर परत पाठवतील.