साक्षीदार वाचला म्हणून पदक? मॅन्सरच्या व्हिक्टोरिया क्रॉसवर चर्चा

सागरगोटा
लेस्ली मॅन्सर हे नाव आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नाही. जन्म १९२२ चा, नवी दिल्लीतला. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश विमानदलात बॉम्बफेकी विमानाचा वैमानिक. ३० मे १९४२ च्या रात्री जर्मनीतल्या कलोन शहरावर १,०४७ विमानं पाठवली होती, त्यात त्याचं दोन इंजिनांचं मँचेस्टर विमान होतं. सर्चलाइटनी पकडलं, तोफांचा मारा सुरू झाला, तरी याने बॉम्ब टाकले आणि परत फिरला. मागचा तोफची जखमी, पुढे केबिनमध्ये धूर. २,००० फुटांवर आला तेव्हा डावं इंजिन पेटलं. आग विझवायला दहा मिनिटं लागली, तोवर एक पंख अर्धवट जळाला होता आणि वेग पडत चालला होता. मग त्याने सहाही जणांना उड्या मारायला सांगितलं. एकाने त्याच्यापुढे पॅराशूट धरलं. त्याने ते हातानेच परतवलं आणि आधी तू उडी मार म्हणाला, कारण विमान अजून काही सेकंदच सरळ धरता येणार होतं. खाली उतरता उतरता सोबत्यांनी विमान कोसळून पेटलेलं पाहिलं. वय वर्षं २०.

व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटनचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळाला, आणि तो मिळायलाच हवा होता. पण सहापैकी पाच जण बेल्जियममधून लपतछपत इंग्लंडला पोचले आणि त्यांनी हे सांगितलं, म्हणून मिळाला. त्या रात्री ४१ विमानं परत आली नाहीत. ज्यांच्यातलं कुणीच वाचलं नाही त्यांचं काय? वर तेव्हाचा नियम असा की मेलेल्याला एक तर व्हिक्टोरिया क्रॉस, नाही तर अहवालात नुसता उल्लेख. डीएफसीसारखी (डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस) मधली पदकं मरणोत्तर देतच नसत. हा नियम थेट १९७९ मध्ये बदलला. मला हा सरळ अन्याय वाटतो.

निळी_शाई
मला आधीचाच प्रश्न पडतो. त्या रात्री कलोनमध्ये पावणेपाचशेच्या आसपास माणसं मेली, बहुतेक सगळी साधी शहरातली. हजारोंची घरं गेली. मॅन्सरच्या विमानात आग लावणारे बॉम्ब होते. ते ज्या गल्लीत पडले तिथेही वीस वर्षांची पोरं असतील की! या मोहिमेतल्या कुणाच्याही छातीवर पदक लावायला माझं मन धजत नाही.

माणगावकर
निळी_शाई, पदकाचं मानपत्र वाचा. पदक शहर जाळल्याबद्दल नाही, सहा जणांना जिवंत बाहेर काढल्याबद्दल आहे. लक्ष्य कोणतं हे वरच्यांनी ठरवलं, त्याचा जाब त्यांना विचारा.

आमच्या माणगावात नाईक यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे. मराठा लाइट इन्फन्ट्री, जुलै १९४४, इटली. सेक्शनमधले सगळे पडल्यावर एकट्याने मशीनगनच्या चौकीवर चाल केली. मॅगझीन बदलायला वेळ मिळेना, तेव्हा बंदूक उलटी धरून दस्त्याने हाणलं. चौकी घेतली आणि लगेच लपलेल्या बंदुकवाल्याची गोळी लागली. वय २२. त्यांनाही हाच व्हिक्टोरिया क्रॉस, मरणोत्तर. आम्ही शाळेतून रांगेने तिथे जायचो. साम्राज्याच्या लढाईत गेले म्हणून त्या पुतळ्यापुढे हात जोडायचे नाहीत का?

निळी_शाई
घाडग्यांच्या समोर बंदूकवाला शिपाई होता. कलोनमध्ये खाली झोपलेली माणसं होती. दोन्ही एका पारड्यात घालू नका. सहा सोबती वाचवले हे मोठंच आहे, ते मी नाकारत नाही. पण मानपत्राची सुरुवात बॉम्ब कसे यशस्वीपणे टाकले इथूनच होते, तेही वाचा.

फिटर_२२
हवाई दलात बावीस वर्षं इंजिन फिटर होतो, म्हणून लिहितो. सागरगोटा, तुमचं मला पटत नाही. साक्षीदार नको म्हणाल तर पदकाची किंमत राहील का? उद्या प्रत्येक पडलेल्या विमानामागे कुणीतरी कथा रचेल. लढाऊ वैमानिक निर्मलजीत सिंग सेखों यांची १९७१ ची लढाई श्रीनगरच्या तळाच्या डोक्यावर झाली, म्हणून त्यांनी काय केलं ते कळलं. आपल्या हवाई दलातलं ते एकमेव परमवीर चक्र. पुराव्याशिवाय दिलेलं पदक घरच्यांनाही टोचेल.

दुसरं म्हणजे, वैमानिकाचा एवढा उदोउदो होतो तेव्हा मला त्या जळणाऱ्या इंजिनाशी झुंजणारे बाकीचे दिसतात. तेव्हा अधिकाऱ्याला डीएफसी आणि सार्जंटला डीएफएम (डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग मेडल), एकाच विमानात, एकाच आगीत. हा भेद १९९३ पर्यंत होता. अन्याय म्हणायचा तर याला म्हणा.

पानगळ
मला एक कळत नाही. मानपत्रातच म्हटलंय की सगळ्यांना आधीच सुखरूप उड्या मारता आल्या असत्या. मग विमान वाचवण्याच्या नादात त्याने सहा जणांचा जीव टांगणीला लावला, असं का म्हणू नये?

फिटर_२२
म्हणू नये, कारण खाली शत्रूच्या ताब्यातला मुलूख होता. उडी म्हणजे कैद. पोरांना घरी न्यायचा प्रयत्न कप्तान करणारच. त्यातून मँचेस्टरचं व्हल्चर इंजिन बेभरवशाचं म्हणून बदनाम होतं. एक गेलं की उंची टिकणं मुश्कील. त्याने शक्य होतं तोवर ओढलं, आणि संपलं हे कळल्यावर एक क्षण दवडला नाही.

सागरगोटा
फिटर_२२, सार्जंटच्या पदकाचं तुमचं म्हणणं मान्य. ते माझ्या लिहिण्यातून सुटलं होतं. पुरावा नको असं मात्र मी म्हटलेलं नाही. पुरावा असूनही मधलं पदक मिळत नव्हतं, कारण माणूस मेला होता. आपल्याकडे वीर चक्र पहिल्यापासून मरणोत्तर देतात, त्याने त्याची किंमत कुठे कमी झाली?

निळी_शाई, तुमचा आकडा मी खोडणार नाही, तो खराच आहे. पण बॉम्बर कमांडचे, म्हणजे ब्रिटिश बॉम्बफेकी दलाचे, ५५,५७३ जण मेले, आणि त्यातल्या बहुतेकांच्या घरी सगळ्यांना मिळणाऱ्या युद्धपदकांपलीकडे काही गेलं नाही. मॅन्सरच्या सोबत्यांना लपवून पुढे पाठवणाऱ्या बेल्जियन लोकांबद्दल वेगळा धागा काढतो. पकडले गेले असते तर त्या बेल्जियनांना गोळी, नाही तर छळछावणी होती.