नवख्याला पहिला मेटल अल्बम कोणता द्यावा? माझं उत्तर: १९७०चा 'ब्लॅक सॅबथ'

रात्रपाळी (धागाकर्ता)

माझा भाचा अकरावीत आहे. २०२५च्या ५ जुलैला बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्क स्टेडियमवर ब्लॅक सॅबथ या मेटल (जड गिटारचा रॉक) बँडचे मूळ चौघे शेवटचे एकत्र वाजवायला उभे राहिले आणि सतरा दिवसांनी त्यांचा गायक ऑझी ऑस्बोर्न गेला. तेव्हा पोराच्या फोनवर दुसरं काही नव्हतंच. त्याने विचारलं, "मामा, मला मेटल ऐकायचंय. एकच अल्बम सांग."

मी सांगितला सॅबथचा पहिला, बँडच्याच नावाचा. १३ फेब्रुवारी १९७०, शुक्रवारी आलेला. तेव्हापासून मित्रमंडळी माझ्यावर तुटून पडली आहेत. म्हणे, पोराला पहिल्याच दिवशी पळवून लावलंस.

मला 'आधी सोपं द्या, मग अवघड' हा हिशोबच मान्य नाही. मेटलमध्ये तो जडपणा कुठून आला ते या अल्बममध्ये अगदी उघड्यावर ऐकू येतं. सॅबथचा गिटारवाला टोनी आयोमी सतरा वर्षांचा असताना पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. नोकरीच्या अगदी शेवटच्या दिवशी यंत्रात हात सापडला आणि उजव्या हाताचं मधलं बोट आणि अनामिका, दोन्हींची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायची बोटं नेमकी तीच. या पोराने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, त्यावर चामडं चिकटवलं आणि गिटारला हलक्या तारा चढवल्या. १९७१च्या 'मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी'मध्ये तर काही गाण्यांसाठी त्याच तारांचा सूर तीन पट्ट्या खाली उतरवला, बोटांवरचा ताण कमी व्हावा म्हणून. आज कुठलाही मेटल बँड गिटारचा सूर खाली उतरवतो त्याची वाट इथून निघते.

पहिल्या अल्बमचं जवळजवळ सगळं रेकॉर्डिंग एका दिवसात उरकलं होतं. सुरुवातीला ऐकू येणारे पाऊस आणि घंटा यांचे आवाज नंतर घातले. वर रंगरंगोटी करायला वेळच नव्हता. तुम्ही खोलीत उभे आहात आणि समोर चौघे वाजवताहेत असंच वाटतं. पोराने हे आधी ऐकावं. बाकीचं पुढे आहेच.

बेसवाली

पूर्ण असहमत. तुम्ही अल्बम देताय की इतिहासाचा धडा? बोटांची गोष्ट मलाही प्रिय आहे, पण ती कळते आधी प्रेम जडल्यावर. सोळा वर्षांच्या मुलाला १९७०चा आवाज पातळ लागतो. त्यात अर्धं ब्लूज. 'द विझर्ड'मध्ये तर माउथ ऑर्गन आहे! तो म्हणेल, हे मेटल? आणि फोन बाजूला ठेवेल.

मी मेटलमध्ये आले ती मेटॅलिका बँडच्या १९९१च्या काळ्या कव्हरच्या अल्बममुळे. मावसभावाकडे कॅसेट होती, एक बाजू संपली की उलटून लावायची, रात्रभर. निर्माता बॉब रॉकने त्या अल्बमला जो आवाज दिला तो आजही स्पीकरमधून छातीवर येतो. मी बेस, म्हणजे खालच्या सुरांची गिटार, वाजवते, त्यामुळे माझं आणखी एक कारण आहे. त्यांच्या आधीच्या १९८८च्या अल्बममध्ये जेसन न्यूस्टेडचा बेस इतका खाली दाबलाय की शोधावा लागतो. १९९१ला तो माणूस पहिल्यांदा नीट ऐकू आला.

३० ऑक्टोबर २०११ला मी पुण्याहून बसने बंगळुरूला मेटॅलिकाच्या कार्यक्रमाला गेले होते. दोनच दिवस आधी त्यांचा गुरगावचा कार्यक्रम रद्द झाला होता, त्यामुळे वाजवायला सुरुवात होईपर्यंत कुणाचाच विश्वास बसत नव्हता. माझ्या बाजूला एक मुलगा होता, बहुतेक आयुष्यातला पहिलाच कार्यक्रम. काळ्या अल्बममधली गाणी लागली की त्याला शब्दन् शब्द येत होता, जुन्या गाण्यांना तो नुसता बघत होता. दार कुठून उघडतं ते मी त्या दिवशी पाहिलं.

कातळ

दोन्ही नको. स्लेयर, 'रेन इन ब्लड', १९८६. दहा गाणी, जेमतेम अर्धा तास. आवडलं तर पोरगा जन्मभर आपला. नाही आवडलं तर अर्ध्या तासात मोकळा. मला असंच कुणीतरी दिलं होतं आणि मी आजही ऋणी आहे.

तानपुरा

मी मुळात शास्त्रीय ऐकणारी, वयाच्या चाळिशीत मेटलकडे आले, तेही मुलीमुळे. त्यामुळे 'नवख्याच्या' बाजूने बोलायचा मला हक्क आहे. माझं मत धागाकर्त्याला.

घरी पेटी असेल तर बसून बघा. पांढरी पाच सा धरा. तो वाजवा, मग वरचा सा, मग तिथून खाली येऊन तीव्र मध्यमावर थांबा, म्हणजे काळी एक. झाला त्या अल्बमचा पहिला रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा गिटारचा तुकडा. तीन सूर, बस. पंचम टाळलाय. सगळा आधार काढून घेतल्यासारखं वाटतं ते त्यामुळेच. आमच्याकडे यमनात तीव्र मध्यम किती गोड लागतो! तोच सूर इथे एकटा सोडून दिला की अंगावर काटा येतो. मी हे पेटीवर वाजवलं तेव्हा मुलगी स्वयंपाकघरातून धावत आली.

नंतर लक्षात आलं की थ्रॅशच्या, म्हणजे वेगवान मेटलच्या, रिफांमध्ये कोमल रिषभ किती भरलाय. पाश्चात्त्य लोक ज्याला फ्रिजियन म्हणतात ते स्वर म्हणजे आपला भैरवी थाट. आपल्या कानाला हे संगीत परकं आहे असं समजून सोपं-सोपं वाढायची काही गरज नाही.

बेसवाली

@तानपुरा, ताई, तुमचं पेटीचं उदाहरण मी शिकवताना वापरणार. पण तुमचा कान पंचवीस-तीस वर्षं तयार झालेला. तीन सुरांत काय घडतंय ते तुम्हाला लगेच कळलं. अकरावीतल्या पोराला आधी वेग आणि ठोका हवा असतो. त्यात कमीपणा काही नाही.

घाटमाथा

@कातळ, 'रेन इन ब्लड' माझ्याही पहिल्या पाचात आहे. पण त्याचं पहिलंच गाणं आउशवित्झ छळछावणीतल्या नाझी डॉक्टर योझेफ मेंगेलेवर आहे. बँडने त्यात माणसांवरच्या त्याच्या प्रयोगांचं वर्णन केलंय, गौरव नाही, हे आपल्याला माहीत. सोळा वर्षांच्या मुलाच्या हातात ते कुणी शेजारी न बसता देऊ नका. माझ्या धाकट्या भावाला मी तसंच दिलं होतं. पुढे कित्येक महिने त्याला त्यातली क्रूरताच भारी वाटत होती आणि मेंगेले कोण हे त्याला ठाऊक नव्हतं. ती चूक माझी होती, अजून लागते मला.

कातळ

हे मान्य. मी वेगाचाच विचार केला. शब्दांचा केला नाही. देणाऱ्याने सोबत बसावं.

वाशीचा पूल

सगळे अमेरिका-इंग्लंडच धरून बसलेत. आपल्या मुंबईचा डेमॉनिक रिझरेक्शन बँड का नाही? २०१७चा 'दशावतार'. विष्णूचे अवतार ओळीने, मत्स्यापासून. ग्रोलिंगने, म्हणजे गुरगुरत गाण्याने, नवखे बिचकतात, पण इथे शब्द कळला नाही तरी गोष्ट आधीच माहीत असते. नरसिंह खांबातून बाहेर येतोय म्हटल्यावर तो आवाज गर्जनेसारखा असणार, हे आपल्या पोराला कुणी समजावून द्यावं लागत नाही. शिवाय मध्ये सरळ गाणंही आहे, त्यामुळे श्वास घेता येतो. माझ्या आईने वराहापर्यंत ऐकला. तिला आवडला म्हणत नाही, पण उठून गेली नाही.

घाटमाथा

वाशीचा पूल, +१. ग्रोलिंगची सवय व्हायला याहून चांगला रस्ता मला तरी माहीत नाही. त्यानंतर डेथ या बँडचा 'सिम्बॉलिक', १९९५. चक शुल्डिनरचा आवाज कितीही ओरबाडणारा असला तरी गिटारची चाल गुणगुणता येते.

रात्रपाळी (धागाकर्ता)

सगळं वाचलं. बेसवालीताईंचं 'आधी प्रेम जडू दे' मनाला लागलं, म्हणून काल भाच्याला विचारायलाच गेलो. खरं सांगायचं तर थोडी धाकधूक होती.

त्याने पूर्ण ऐकलाय. पहिलं गाणं 'भारी, पण लांब'. 'द विझर्ड' त्याने पुढे ढकललं, तिथे ताई बरोबर निघाल्या. पण 'एन.आय.बी.'पाशी तो अडकलाय. गाणं सुरू होण्याआधी बेस एकटाच वाजतो ना, वा-वा पेडलमधून बोलल्यासारखा? तेवढाच तुकडा तो मागे घेऊन घेऊन ऐकतो. मला म्हणाला, "मामा, गिटार मला सगळ्यांची सारखीच वाटते, पण हा कोण आहे?" मी नाव सांगितलं, गीझर बटलर. त्याने वहीत मागच्या पानावर लिहून घेतलं. व्हिला पार्कवर वाजवलेल्या चार गाण्यांत 'एन.आय.बी.' होतं हे सांगितल्यावर त्याने तो व्हिडिओही शोधला. मी टोपणांची गोष्ट सुरू केली होती, पण त्याचं लक्ष सगळं बेसकडे.

पहिला अल्बम कोणता यावर मी अजून माझ्या जागी आहे. पण दुसरा आता गिटारवाल्याने सांगू नये. बेसवालीताई, तुम्ही सांगा.

बेसवाली

अहो, हे आधी सांगायचं ना! बेसचं पोरगं आहे ते. मग काळा अल्बम राहू दे. मी माझा आग्रह मागे घेते.

मेटॅलिकाचाच 'मास्टर ऑफ पपेट्स', १९८६. त्यांचा तेव्हाचा बेसवाला क्लिफ बर्टन, त्याचा हा शेवटचा अल्बम. तो मार्चमध्ये आला आणि २७ सप्टेंबरला स्वीडनमध्ये बँडची बस उलटून क्लिफ गेला, चोवीस वर्षांचा होता. सुरुवातीपासून लावू नका. थेट सातवं गाणं, 'ओरायन'. आठ मिनिटांच्या वर आहे, शब्द एकही नाही. सुरुवातीला जे हळूहळू वर येतं ते ऑर्गन नाही, बेस आहे, हे त्याला आधी सांगू नका. अर्ध्यावर सगळं थांबतं आणि बेस एकटा चालू लागतो. तिथे तो काय म्हणतो ते मला इथे लिहून कळवा.

फोनच्या स्पीकरवर देऊ नका. हेडफोन नसतील तर माझे देते, कुरिअर करेन.